कोयता आणि फोन

रायगड जिल्ह्यात तळा नावाचे एक लहानसे गाव आहे. गाव डोंगराच्या कुशीत वसलेले असून माथ्यावर तळागड उभा आहे. जवळच, मांदाडच्या खाडीकडे तोंड करून असलेल्या डोंगरात कुड्याची लेणी आहेत. ही लेणी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरली गेली. त्यांसाठी ज्यांनी दान दिले, त्यांची नावे व व्यवसाय तेथील शिलालेखांत नोंदलेले आहेत. त्यांत सत्ताधारी महाभोज घराण्याशी संबंधित माणसे आहेत, फुलांचा व्यवसाय करणारा माळी आहे, आणि कऱ्हाडचा एक लोखंडाचा व्यापारीही आहे. लोखंडाच्या वस्तूंची घडण आणि देवघेव या मुलखाला किती जुन्या काळापासून परिचित आहे, हे यावरून ध्यानात येते.

या तळ्यातील एका शेतकरी घरात एक कोयता आहे. घरातील आजोबा तो कमरेच्या आकडीत अडकवून रानात जातात. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजावयाची, म्हणजे राब करावयाचा, तर आधी झाडांचे टहाळे तोडावे लागतात. त्या कामी हा कोयता गेली कित्येक वर्षे राबत आहे. आजोबांच्या वडिलांनी तो लोहाराकडून घडवून घेतला होता. तेव्हापासून त्याची मूठ तीन वेळा बदलली. पाते बोथट झाले की लोहार ते भट्टीत लाल करतो, ऐरणीवर ठोकतो, पाणी पाजतो आणि पुन्हा धार लावून देतो. प्रत्येक वेळी पाते थोडेसे झिजते. परंतु कोयता नवा घ्यावा, असे आजवर कोणाच्या मनातही आले नाही. मूठ मोडली तर मूठ बदलावी, धार गेली तर धार लावावी. वस्तू म्हणजे तिचे भाग, आणि भाग बदलता येतात. इतके साधे हे शास्त्र आहे.

त्याच घरात एक फोनही आहे. पाच वर्षांपूर्वी मुंबईत नोकरीस असलेल्या मुलाने तो आजोबांना घेऊन दिला. प्रारंभी आजोबांना त्याचे भय वाटे. पुढे सातवीत शिकणाऱ्या नातीने त्यांना तो शिकविला. आता पाऊस केव्हा येणार हे ते फोनवर पाहतात, मुलाशी समोरासमोर बोलल्याप्रमाणे बोलतात, आणि बँकेत पैसे जमा झाले की नाही हेही घरबसल्या पाहतात. एरवी एवढ्याशा कामासाठी त्यांचा अर्धा दिवस मोडत असे.

श्रावणातली गोष्ट. एके दिवशी सकाळी आजोबांनी बँकेचे अ‍ॅप उघडले, तर ते उघडेना. पडद्यावर एक सूचना आली. नातीने ती वाचून दाखविली : हे अ‍ॅप यापुढे या फोनवर चालणार नाही.

"काय बिघडले?" आजोबांनी विचारले.

"काही बिघडलेले नाही, आजोबा," नात म्हणाली, "फोन जुना झाला आहे, असे त्यात लिहिले आहे."

फोनची बॅटरीही अलीकडे दुपारपर्यंतच टिकत असे. तेव्हा दोघे एस. टी. ने माणगावास गेली आणि तेथे फोन दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराला त्यांनी तो दाखविला. कारागिराने फोन उलटसुलट पाहिला. त्याच्या पाठीला एकही स्क्रू नव्हता. पाठ डिंकासारख्या पदार्थाने चिकटविलेली होती. ती उष्णता देऊन सैल करावी लागते आणि मग पातळ पात्याने उचकटावी लागते.

"आजोबा, बॅटरी मी बदलून देईन," तो म्हणाला. "मात्र कंपनीची अस्सल बॅटरी मिळणार नाही. हे मॉडेल कंपनीने बंद केले. दुसऱ्या बनावटीची बसवावी लागेल."

"बसवा. आणि बँकेचे ते?"

"ते माझ्या हाती नाही. त्याला फोनमध्ये नवी प्रणाली लागते. ती कंपनी या मॉडेलला देत नाही. त्यासाठी नवाच फोन घ्यावा लागेल."

आजोबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "काच फुटलेली नाही, आवाज स्वच्छ येतो, बटणे चालतात. वस्तू मोडलेली नाही. मग ती जुनी झाली, हे ठरविले कोणी?"

कारागिराजवळ याचे उत्तर नव्हते. परंतु प्रश्न मोठा होता. आज जगातील असंख्य घरांत हाच प्रश्न विचारला जात आहे. त्याचे उत्तर शोधू जाता आपल्याला शंभर वर्षे मागे जावे लागते.

एखादी वस्तू निरुपयोगी होण्याचे तीन प्रकार आहेत. पहिला, ती झिजते किंवा मोडते. हा निसर्गाचा नियम आहे; कोयत्याचे पातेही त्यातून सुटत नाही. दुसरा, वस्तू दुरुस्त होण्याजोगी असते, परंतु तिचा सुटा भाग मिळत नाही, किंवा ती उघडताच येऊ नये अशा रीतीने बनविलेली असते. तिसरा प्रकार सर्वांहून निराळा आहे. वस्तू धडधाकट असते, पण तिच्याभोवतीचे जग बदलते, किंवा बदलले आहे असे ग्राहकाला वाटावयास लावले जाते. मग ती हातात असूनही नकोशी होते. यांपैकी पहिल्या प्रकाराला कोणाचाच इलाज नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारांत मात्र बनविणाऱ्याच्या इच्छेचाही भाग असू शकतो.

याचे एक प्रसिद्ध उदाहरण विजेच्या दिव्याचे आहे. डिसेंबर 1924 मध्ये जगातील दिवे बनविणाऱ्या प्रमुख कंपन्यांनी स्वित्झर्लंडमधील जिनेव्हा येथे आपसांत एक करार केला. जर्मनीची ओसराम, हॉलंडची फिलिप्स, फ्रान्समधील व इतर देशांतील कंपन्या तीत होत्या. या संघाला फीबस असे नाव होते. कोणी कोणत्या देशात किती दिवे विकावेत, हे त्यांनी ठरविलेच. परंतु त्याखेरीज आणखी एक गोष्ट ठरविली. घरगुती दिव्याचे आयुष्य 1000 तासांचे असावे! त्यापूर्वी 1500 ते 2000 तास चालणारे दिवे बाजारात मिळत असत. संघातील कारखान्यांचे दिवे प्रयोगशाळेत तपासले जात, आणि ज्याचे दिवे ठरल्यापेक्षा अधिक काळ टिकत, त्याला दंड भरावा लागे. एरवी माल लवकर बिघडला तर कारागिराला बोल लागतो. येथे माल टिकला म्हणून दंड होत असे.

कंपन्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. दिव्यातील टंगस्टनची तार जितकी अधिक तापेल, तितका प्रकाश अधिक शुभ्र व भरपूर मिळतो. पण तितकीच ती तार लवकर विरते. तार कमी तापविली तर दिवा दीर्घकाळ टिकतो, परंतु त्याच विजेत प्रकाश मंद मिळतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील लिव्हरमोर या गावच्या अग्निशामक दलाच्या इमारतीत एक दिवा 1901 पासून तेवत आहे. पण त्याचा प्रकाश रात्रीच्या मिणमिणत्या दिव्याइतकाच आहे. तेव्हा आयुष्य आणि प्रकाश यांत तडजोड करणे भागच होते. दोष तडजोडीत नव्हता. दोष हा होता, की ती ग्राहकाला न विचारता, त्याला न सांगता, आणि चढाओढ करू पाहणाऱ्याला दंड करून केली गेली. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा हा संघ मोडला. 1000 तासांचा दिवा मात्र त्यानंतरही कित्येक वर्षे घरोघर जळत राहिला.

दुसरे उदाहरण मोटारीचे. हेन्री फोर्ड यांच्या कंपनीने 1908 मध्ये 'मॉडेल टी' नावाची मोटार बाजारात आणली. ती साधी, मजबूत आणि शेतकऱ्यालाही दुरुस्त करता येईल अशी होती. 1927 पर्यंत दीड कोटीहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. या एकोणीस वर्षांत गाडीचे मूळ रूप फारसे बदलले नाही. किंमत मात्र उतरत गेली. त्याच सुमारास जनरल मोटर्स या कंपनीचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनी वेगळाच मार्ग धरला. दरवर्षी गाडीचे रूप थोडे बदलावयाचे, नवे रंग द्यावयाचे, आणि गतवर्षीची गाडी घेणाऱ्याच्या मनात आपली गाडी जुनी झाल्याची रुखरुख उत्पन्न करावयाची. यंत्र तेच असले तरी चालेल, वर्ष नवे दिसले पाहिजे. ही युक्ती सफल झाली, आणि अखेर फोर्ड यांनाही आपले आवडते मॉडेल बंद करावे लागले.

1929 नंतर जगावर मंदीचे संकट कोसळले. कारखाने ओस पडले, लाखो माणसे बेकार झाली. तेव्हा 1932 मध्ये न्यूयॉर्कच्या बर्नार्ड लंडन यांनी एक पुस्तिका प्रसिद्ध केली. सरकारनेच प्रत्येक वस्तूचे आयुष्य ठरवून द्यावे. ती मुदत संपली की वस्तू कायद्याने 'मृत' समजून मोडीत काढावी. म्हणजे लोक नवी वस्तू घेतील आणि कारखान्यांना काम मिळेल, अशी त्यांची सूचना होती. कोणत्याही सरकारने ती स्वीकारली नाही. तथापि तिच्यामागे असलेला विचार हसण्यावारी नेण्यासारखा नाही. वस्तू फार टिकल्या तर त्या बनविणाऱ्या कामगारांनी काय करावे, हा खरा प्रश्न आहे. पण त्याचे एक उत्तर तळ्याच्या लोहाराजवळ आहे. कोयता पन्नास वर्षे टिकला, म्हणून लोहार उपाशी राहिला नाही. धार लावण्याचे, मूठ बसविण्याचे काम त्याला दरवर्षी मिळतच राहिले. दुरुस्ती हीसुद्धा रोजीच आहे.

आपल्या महाराष्ट्रातही दीर्घकाळ टिकलेल्या एका वस्तूचे उदाहरण आहे. पुण्याजवळ आकुर्डी येथील बजाज ऑटो या कंपनीने 1972 मध्ये 'चेतक' नावाची स्कूटर आणली. राणा प्रताप यांच्या इमानी घोड्याचे नाव तिला दिलेले होते. तीस वर्षांहून अधिक काळ तिची घडण मोठ्या प्रमाणात तीच राहिली. तिचे भाग तालुक्याच्या गावीही मिळत आणि ती दुरुस्त करणारा कारागीर जवळपास हमखास सापडे. सकाळी ती सुरू झाली नाही, तर मालक ती एका बाजूस कलवी, पुन्हा सरळ करी आणि किक मारी. वडिलांनी घेतलेली स्कूटर पुढे मुलाने चालवावी, असे अनेक घरांत घडले.

परंतु या उदाहरणाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. त्या काळी किती स्कूटरी बनवाव्यात हे सरकारी परवान्याने ठरत असे. मागणी मोठी आणि माल थोडा. त्यामुळे पैसे भरूनही ग्राहकाला वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. दुसरे चांगले वाहन बाजारात सहजासहजी मिळत नसल्याने कंपनीला सुधारणा करण्याची निकडही नव्हती. पुढे बाजार खुला झाला, अधिक सोयीच्या दुचाकी आल्या, आणि 2006 च्या सुमारास जुन्या चेतकचे उत्पादन थांबले. 2020 मध्ये तेच नाव घेऊन विजेवर चालणारी स्कूटर बाजारात आली. तात्पर्य, जुने ते सगळे सोने नव्हे. एका टोकाला वर्षानुवर्षे तीच वस्तू आणि तिच्यासाठी लांबच लांब रांग. दुसऱ्या टोकाला दरवर्षी नवी वस्तू आणि जुनीला वाली कोणी नाही. ग्राहकाचे हित या दोन्ही टोकांच्या मध्ये आहे.

आता पुन्हा फोनकडे वळू. अ‍ॅपल कंपनीचा पहिला आयफोन जून 2007 मध्ये विक्रीस आला. तेव्हापासून दरवर्षी नवे मॉडेल काढण्याची प्रथा पडली आणि इतर कंपन्यांनीही ती उचलली. पहिल्या काही वर्षांत होणारे बदल खरोखर मोठे होते. फोनचा वेग वाढला, छायाचित्रे सुस्पष्ट येऊ लागली, पडदा मोठा झाला. पुढे पुढे बदल लहान होत गेले, जाहिराती मात्र मोठ्याच राहिल्या.

फोनचे आयुष्य मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असते. पहिली त्याची बॅटरी. या बॅटरीत लिथियम या धातूचे विद्युतभारित कण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ये-जा करतात. प्रत्येक फेरीत तिची शक्ती किंचित उणावते. साधारणपणे 500 वेळा पूर्ण भरून रिकामी झाल्यावर अशा बॅटरीची धारणशक्ती मूळच्या 80 टक्क्यांच्या आसपास उतरते. हे अटळ आहे. पण ती सहज बदलता आली, तर त्यात दुःखाचे कारण नाही. ती कोयत्याच्या मुठीसारखीच आहे. दुसरी गोष्ट म्हणजे फोन चालविणारी प्रणाली. तिच्यात वेळोवेळी उणिवा सापडतात आणि चोर त्यांचा फायदा घेऊ पाहतात. कंपनी सुधारणा पाठवून ती भगदाडे बुजविते. कंपनीने सुधारणा पाठविणे थांबविले, की फोन चालू राहिला तरी असुरक्षित होतो. बँकेने आजोबांचा फोन नाकारला, तो याच कारणाने. ग्राहकाचे पैसे सांभाळणे हे बँकेचे कर्तव्यच आहे. तेव्हा दोष बँकेचा नव्हे. फोन विकताना त्याला किती वर्षे सुधारणा मिळतील हे कोणी आजोबांना सांगितले नाही, आणि त्यांनीही विचारले नाही. खरी उणीव तेथे होती.

न सांगण्यातून केवढा असंतोष उत्पन्न होतो, याचा अनुभव मोठ्या कंपनीलाही आला आहे. डिसेंबर 2017 मध्ये अ‍ॅपल कंपनीने मान्य केले, की बॅटरी जुनी झालेल्या काही आयफोनचा वेग नव्या सुधारणेद्वारे कमी करण्यात आला होता. जुनी बॅटरी अकस्मात बंद पडू नये म्हणून तसे केले, असे कंपनीचे म्हणणे होते. परंतु ग्राहकांना ते आधी सांगितलेले नव्हते. फोन मंदावला म्हणून अनेकांनी नवा घेतला. केवळ बॅटरी बदलली असती तरी भागले असते, हे त्यांना मागाहून कळले. कंपनीने ग्राहकांची क्षमा मागितली आणि बॅटरी बदलून देण्याचा दर कमी केला. फेब्रुवारी 2020 मध्ये फ्रान्समध्ये तिला अडीच कोटी युरो दंड भरावा लागला, आणि त्याच वर्षी अमेरिकेत, आपली चूक न मानता, 50 कोटी डॉलरपर्यंत भरपाई देण्याची तडजोड तिने केली.

टाकून दिलेल्या वस्तूंचे पुढे काय होते, हेही पाहिले पाहिजे. संयुक्त राष्ट्रांच्या पाहणीनुसार 2022 या एका वर्षात जगात सुमारे 6 कोटी 20 लाख टन विद्युत व इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला. त्यांपैकी एक चतुर्थांशाहूनही कमी कचऱ्यावर रीतसर प्रक्रिया झाल्याची नोंद आहे. एवढ्याशा फोनमध्ये तांबे, सोने, कोबाल्ट अशा अनेक धातूंचा अंश असतो. ते मिळविण्यासाठी कोठेतरी डोंगर पोखरलेला असतो, आणि कोठेतरी माणसे खाणीत उतरलेली असतात. फोन उकिरड्यावर गेला, की हे सारे श्रमही त्याबरोबर जातात. शिवाय शिशासारखी विषारी द्रव्ये माती व पाणी दूषित करतात.

म्हणून निरनिराळ्या देशांनी आता कायद्याचा आधार घेतला आहे. वस्तूचे आयुष्य मुद्दाम कमी करणे हा फ्रान्समध्ये 2015 पासून गुन्हा आहे. 1 जानेवारी 2021 पासून तेथे फोन, धुलाईयंत्र इत्यादी वस्तूंवर त्या दुरुस्त करण्यास किती सोप्या आहेत याचे 10 पैकी गुण छापणे सक्तीचे झाले. परीक्षा मुलांचीच होते असे नाही. वस्तूंनाही आता गुण मिळू लागले आहेत! युरोपीय संघाने 28 डिसेंबर 2024 पासून नव्या फोनना एकाच प्रकारचे चार्जिंगचे छिद्र सक्तीचे केले. 20 जून 2025 पासून तेथे आणखी एक नियम लागू झाला. फोनच्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही त्याचे महत्त्वाचे सुटे भाग 7 वर्षे आणि प्रणालीच्या सुधारणा निदान 5 वर्षे उपलब्ध ठेवाव्या लागतात.

आपल्या देशातही या दिशेने पावले पडत आहेत. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली. त्याच वर्षी 24 डिसेंबर रोजी, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक दिनी, कंपन्यांनी आपल्या वस्तूंच्या दुरुस्तीची माहिती एकत्र द्यावी यासाठी एक संकेतस्थळ सुरू करण्यात आले. इलेक्ट्रॉनिक कचऱ्याविषयीचे नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून अंमलात आले. त्यांनुसार जुन्या वस्तूंच्या पुनर्वापराची जबाबदारी बनविणाऱ्यांवर आहे.

असे हक्क आपोआप मिळत नाहीत; त्यांसाठी ग्राहकांना एकत्र यावे लागते. महाराष्ट्राला हे नवे नाही. 1974 मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली, आणि 1975 मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. शेजारची कुटुंबे एकत्र येऊन महिन्याचा माल एकदम खरेदी करू लागली, वजनमापे पाहू लागली, प्रश्न विचारू लागली. देशात ग्राहक संरक्षणाचा कायदा झाला, तो 1986 साली. म्हणजे कायद्याच्या कितीतरी आधी ग्राहक जागा झाला होता.

आता आजोबांच्या घरी काय झाले, ते पाहू. माणगावच्या कारागिराने बॅटरी बदलून दिली आणि फोन दिवसभर टिकू लागला. गणपतीच्या सणाला मुंबईचे चाकरमानी गावोगावी परतले. आजोबांचा मुलगाही आला. आरती आटोपल्यावर तो म्हणाला, "अण्णा, चिंता करू नका. मी नवा फोन घेणारच आहे. माझा तुम्हांला देतो."

"तुझ्या फोनला काय झाले?" आजोबांनी विचारले.

मुलगा क्षणभर घुटमळला. "तसे काही झालेले नाही. दोनच वर्षे झाली. पण यंदाचे मॉडेल आले आहे. कचेरीत सर्वांनी घेतले."

आजोबा रागावले नाहीत. ते एवढेच म्हणाले, "तुझे कष्टाचे पैसे आहेत, तू ठरव. पण तुझ्या फोनला आणखी किती वर्षे सुधारणा मिळणार आहेत, ते आधी पाहा. मला द्यावयाचा असला, तरी ते कळले पाहिजे."

नातीने कंपनीच्या संकेतस्थळावर शोधून सांगितले, "आणखी तीन वर्षे."

"तीन वर्षे!" मुलगा म्हणाला. हे त्यालाही ठाऊक नव्हते. त्या रात्री तो आपला फोन हातात घेऊन बराच वेळ विचार करीत बसला. मुंबईस परतताना त्याने तो बरोबरच नेला, आणि पुढच्या महिन्यात आजोबांसाठी एक साधा, कमी किमतीचा फोन पाठविला. तो घेण्यापूर्वी मात्र त्याने दुकानदाराला चार प्रश्न विचारले. याची बॅटरी बदलता येते काय? सुटे भाग किती वर्षे मिळतील? प्रणालीच्या सुधारणा केव्हापर्यंत येतील? दुरुस्तीची सोय जवळ कोठे आहे? पहिल्या दुकानात त्याला समाधानकारक उत्तरे मिळाली नाहीत, म्हणून तो दुसऱ्या दुकानात गेला.

आजोबांचे पैसे वाचले असे नव्हे. नवा फोन घ्यावा लागलाच. धडधाकट वस्तू नाकारली गेली, ही खंतही त्यांच्या मनातून गेली नाही. जुना फोन त्यांनी फेकला नाही. बँकेचे काम तो करीत नसला तरी गाणी आणि बातम्या ऐकवितो. नव्या फोनच्या खोक्यावर नातीने सुधारणांची अखेरची तारीख मोठ्या अक्षरांत लिहून ठेवली आहे.

दिवाळी सरली, राबासाठी टहाळे तोडण्याचे दिवस जवळ आले. आजोबांनी आढ्याला लावलेला कोयता काढला, अंगठ्याने धार पाहिली, आणि नातीला म्हणाले, "चल, लोहाराकडे जाऊन येऊ."

स्वाध्याय

1. पुढील प्रश्नांची उत्तरे लिहा.
(अ) आजोबांचा कोयता इतकी वर्षे कसा टिकला?
(आ) बँकेचे अ‍ॅप आजोबांच्या फोनवर का चालेना? त्यात बँकेचा दोष होता काय?
(इ) फीबस संघाने काय ठरविले? कंपन्यांच्या म्हणण्यात तथ्य कोणते व त्यांचा दोष कोणता?
(ई) चेतक स्कूटरच्या उदाहरणाच्या दोन बाजू कोणत्या?

2. 'जुने ते सगळे सोने नव्हे' असे पाठात म्हटले आहे. या विधानाशी तुम्ही सहमत आहात काय? कारणे द्या.

3. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : अर्धा दिवस मोडणे, हसण्यावारी नेणे, वाली नसणे, बोल लागणे.

4. तुमच्या घरातील सर्वांत जुनी, पण अजून वापरात असलेली वस्तू शोधा. ती कोणी आणली, तिचे कोणते भाग बदलले, आणि ती कोण दुरुस्त करतो, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळींत लिहा.